उत्तर फोनचे, पण प्रश्न कोणाचा?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. रविवारी वंदना आटोपल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे विहाराच्या ओसरीत रक्तदाब तपासायला बसलो होतो. वस्तीतल्या एक मावशी भाच्याला घेऊन आल्या. वय साठीच्या आसपास, दहा-बारा वर्षांपासून मधुमेह. "चार दिवस झाले, जीव घाबरा होतोय," त्या म्हणाल्या. भाचा बारावीला, हुशार पोरगा. त्याने लगेच फोन पुढे केला. "मी विचारलंय. टेन्शनमुळे होतं म्हणे. दीर्घ श्वास घ्यायचा, चहा कमी करायचा, झोप पुरेशी घ्यायची."

उत्तर आम्हीही वाचले. शुद्ध मराठी, मुद्देसूद मांडणी, शेवटी आपुलकीची दोन वाक्ये आणि त्रास वाढल्यास डॉक्टरांना भेटण्याचा सल्लाही. बाजूला बसलेल्या आमच्या निवृत्त परिचारिका ताईंनी फोन खाली ठेवला आणि मावशींना विचारले, "कधी होतं असं? बसल्याजागी की चालताना?"

"नळावरून हंडा आणताना. चढ लागला की."

"घाम येतो?"

"दरदरून."

"हात?"

"डावा हात जड होतो. ओट्यावर बसलं की राहतं."

मावशींना त्याच दुपारी सरकारी रुग्णालयात नेले. ईसीजीत दोष दिसला. पुढच्या तपासणीत हृदयाची रक्तवाहिनी अरुंद झाल्याचे कळले. वेळेत औषधोपचार झाले आणि आज त्या बऱ्या आहेत. पण भाच्याचा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. तो म्हणाला होता, "मी तर मावशी जे म्हणाली तेच लिहिलं होतं. मग चुकलं कुठं?"

त्या पोराचे काही चुकले नव्हते. 'जीव घाबरा होणे' म्हणजे आपल्याकडे धाप लागणे, छातीत धडधडणे, अस्वस्थ वाटणे यांपैकी काहीही असू शकते. फोनने त्यातला 'घाबरणे' हा शब्द धरला आणि चिंतेचे उत्तर दिले. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, पण पुढचा प्रश्न कोणीच विचारला नाही. या महिन्याचे आरोग्य पान त्या पुढच्या प्रश्नाविषयी आहे.

हे यंत्र नेमके करते काय?

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांसाठी खुले झाले. त्यानंतर जेमिनी आले, व्हॉट्सॲपमध्ये मेटा एआयचे गोल चिन्ह आले. आज आपल्या घरातला जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोन अशा यंत्राशी बोलू शकतो. या सगळ्यांच्या मुळाशी 'भाषा-मॉडेल' असते. माणसांनी लिहिलेला प्रचंड मजकूर त्याला पुरवलेला असतो. कोणत्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे ते त्यातून शिकते आणि तुकड्याला तुकडा जोडत उत्तर तयार करते. मग कोणती उत्तरे माणसांना बरी वाटतात यावरून त्याला आणखी वळण लावले जाते.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. पहिली म्हणजे, उत्तर बरोबर असो वा चूक, भाषा तेवढीच ठाम आणि गोड असते. वस्तीतला अनुभवी डॉक्टर अडला की थांबतो, "हे जरा तपासून पाहू" म्हणतो. त्याच्या थांबण्यावरूनच आपल्याला कळते की प्रकरण सोपे नाही. यंत्राच्या सफाईदार उत्तरात तशी खूण सहसा सापडत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, त्याला आपल्या होकारात होकार मिसळण्याची सवय लागू शकते. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीचा एक बदल कंपनीला मागे घ्यावा लागला, कारण ते वापरणाऱ्याची फारच खुशामत करू लागले होते. "ही ॲसिडिटीच असेल ना?" असे विचारले तर "हो, तशी शक्यता आहे" हे उत्तर मिळण्याचा संभव वाढतो. आपल्याला हवे होते तेच ऐकायला मिळते आणि आपण निर्धास्त होतो.

ज्ञान आहे, पण पोहोचत नाही

मग यंत्राला वैद्यकातले काही कळत नाही का? तसे नाही. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १,२९८ लोकांना घेऊन एक प्रयोग केला. डॉक्टरांनी आजारपणाचे १० प्रसंग लिहून दिले. काही लोकांनी भाषा-मॉडेलची मदत घ्यायची, बाकीच्यांनी नेहमीच्या पद्धतीने माहिती शोधायची. प्रसंग थेट मॉडेलपुढे ठेवला तेव्हा त्याने सुमारे ९५ टक्के वेळा संबंधित आजार ओळखला. पण तेच मॉडेल हाती घेऊन माणसांनी उत्तर शोधले तेव्हा हे प्रमाण ३५ टक्क्यांच्याही खाली आले. मॉडेल न वापरणाऱ्यांपेक्षा त्यांची कामगिरी सरस ठरली नाही.

असे का झाले? लोकांनी अर्धीच माहिती दिली. कोणते लक्षण महत्त्वाचे हे त्यांना ठाऊक नव्हते. यंत्राने चार शक्यता सांगितल्या, तर त्यातली खरी कोणती हे निवडता आले नाही. मावशींच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. चढ, घाम, डावा हात आणि मधुमेह या चार गोष्टी सांगितल्या असत्या, तर त्याच फोनने बहुधा "ताबडतोब रुग्णालयात जा" म्हटले असते. पण त्या चार गोष्टी सांगायच्या असतात, हे कळायला आधी थोडे ज्ञान स्वतःजवळ लागते.

अर्धवट प्रश्न किती महागात पडतो याचे एक उदाहरण अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०२५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले आहे. एका ६० वर्षांच्या माणसाने मीठ वाईट असे वाचले होते. मिठातले क्लोराइड आहारातून काढायचे त्याने ठरवले. त्याला काय पर्याय, हे चॅटजीपीटीला विचारल्यावर ब्रोमाइडचे नाव पुढे आले. त्याने इंटरनेटवरून सोडियम ब्रोमाइड मागवले आणि तीन महिने मिठाऐवजी खाल्ले. शेजारी आपल्यावर विषप्रयोग करत आहे असे म्हणत तो रुग्णालयात आला. नंतर त्याला भास होऊ लागले. ब्रोमाइडची विषबाधा झाली होती. त्याला तीन आठवडे रुग्णालयात राहावे लागले. डॉक्टरांनी स्वतः तसाच प्रश्न यंत्राला विचारून पाहिला, तेव्हाही ब्रोमाइड हा पर्याय आला. "हे तुम्हाला कशासाठी हवे आहे?" असे यंत्राने विचारले नाही. आपल्या कोपऱ्यावरच्या औषध दुकानदाराने ते विचारले असते.

आपल्या घरातला आकडा

आता विदर्भातल्या आपल्या वाचकांच्या घरातले उदाहरण घेऊ. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या भागात आदिवासी बांधवांमध्ये आणि आपल्या समाजातही सिकलसेलचे रुग्ण व वाहक आढळतात. अशा एखाद्या रुग्णाची साखर तपासली आणि 'तीन महिन्यांची साखर' म्हणजे एचबीए१सी ५.६ आली. अहवालाचा फोटो फोनला दाखवला. फोन म्हणाला, साखर आटोक्यात आहे, काळजी नको.

आकडा बरोबर वाचला, पण अर्थ चुकू शकतो. ही तपासणी लाल रक्तपेशींना किती साखर चिकटली आहे ते मोजते. निरोगी माणसाची लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी बहुधा १० ते २० दिवसांतच नष्ट होते. साखर चिकटायला वेळच मिळत नाही, म्हणून आकडा खोटा कमी येऊ शकतो. अशा रुग्णाची साखर दुसऱ्या तपासण्यांनी पाहावी लागते. "माझ्या घरी सिकलसेल आहे" हे वाक्य सांगितले तर यंत्रही हे समजावू शकते. पण ते वाक्य सांगायची आठवण आपल्याला हवी.

आणखी एक गोष्ट आपल्या समाजाने विशेष ध्यानात ठेवावी. यंत्र जे शिकते ते माणसांच्या लिखाणातून, आणि त्या लिखाणात ज्ञानासोबत पूर्वग्रहही असतात. अमेरिकेत मूत्रपिंडाचे काम मोजण्याच्या सूत्रात कृष्णवर्णीय माणसासाठी वेगळा गुणक वापरला जाई. २०२१ मध्ये तिथल्या तज्ज्ञ संस्थांनी वंशाचा आधार काढून टाकून नवे सूत्र वापरण्याची शिफारस केली. तरीही २०२३ मध्ये संशोधकांनी चार भाषा-मॉडेलांना प्रश्न विचारले, तेव्हा चारही मॉडेलांच्या काही उत्तरांत वंशावर आधारलेल्या जुन्या, खोट्या ठरलेल्या समजुती पुन्हा आल्या. पुस्तकातून खोडलेले यंत्राच्या तोंडून परत आले. कोणी लिहिले, कोणाविषयी लिहिले आणि कोणाचे लिहायचे राहूनच गेले, हे विचारायला आपण शिकलो ते उगाच नाही. तोच प्रश्न इथेही विचारायचा आहे.

न वापरलेली बुद्धी

आतापर्यंत रुग्णाविषयी बोललो. पण आपल्या वस्तीतून आता नर्सिंगला, डी.फार्मला, लॅब टेक्निशियनच्या कोर्सला आणि एमबीबीएसलाही मुले-मुली जात आहेत. पुष्कळ घरांत ही शिकणारी पहिलीच पिढी आहे. ही मुले फोनवर अभ्यास करतात. शिकवणीचे पैसे नाहीत, घरात विचारायला कोणी नाही, अशा वेळी फोन रात्री अकरालाही न कंटाळता समजावतो. हा फायदा खरा आहे. तो आम्ही नाकारत नाही. प्रश्न आहे तो कसा वापरायचा याचा.

तुर्कस्तानात माध्यमिक शाळेतल्या सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा एक प्रयोग झाला. एका गटाला सरावाच्या वेळी नेहमीसारखे उत्तर देणारे मॉडेल दिले. त्यांचे सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले. मग मॉडेल काढून घेतले आणि परीक्षा घेतली. ज्यांना कधीच मॉडेल दिले नव्हते त्यांच्यापेक्षा या मुलांना १७ टक्के कमी गुण मिळाले. आपण कमी शिकलो आहोत हे त्या मुलांना जाणवलेही नव्हते. तिसऱ्या गटाच्या मॉडेलला मात्र उत्तर न देता फक्त इशारे द्यायला सांगितले होते. त्या गटाचे सरावातले गुण १२७ टक्क्यांनी वाढले आणि परीक्षेतले नुकसानही बव्हंशी टळले. म्हणजे यंत्र तेच, पण उत्तर मागितले तर एक परिणाम आणि इशारा मागितला तर दुसरा.

आपल्या नर्सिंगच्या मुलींना हे लगेच समजेल. ५०० मिली सलाइन ४ तासांत द्यायचे आहे. सेट २० थेंबांना १ मिली असा आहे. मिनिटाला किती थेंब? ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब. ४ तास म्हणजे २४० मिनिटे. भागाकार केला की सुमारे ४२ थेंब. फोनला विचारले तर क्षणात ४२ मिळेल. पण रात्रपाळीत फोन लॉकरमध्ये असतो, समोर रुग्ण असतो, आणि कोणीतरी घाईत १२० थेंब लावून गेलेले असते. ते पाहताच "हे जास्त आहे" असे ज्या मुलीला वाटेल, तीच रुग्णाला वाचवेल. असे वाटणे विकत मिळत नाही. पन्नास गणिते स्वतःच्या हाताने केल्यावर ते येते.

शिकलेल्या हातालाही हे लागू आहे. पोलंडमध्ये चार केंद्रांवर मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करणाऱ्या अनुभवी डॉक्टरांचा अभ्यास झाला. तिथे पडद्यावरच्या गाठी ओळखून दाखवणारा संगणक आणला होता. हे भाषा-मॉडेल नव्हे, चित्र ओळखणारे यंत्र आहे, पण सवयीचा प्रश्न तोच. यंत्र येण्यापूर्वी डॉक्टरांना २८.४ टक्के तपासण्यांत पुढे कर्करोग होऊ शकेल अशा गाठी सापडत होत्या. यंत्राची सवय झाल्यानंतर, यंत्राशिवाय केलेल्या तपासण्यांत हे प्रमाण २२.४ टक्क्यांवर आले. एका अभ्यासावरून शेवटचा निर्णय देता येत नाही. पण प्रत्येकी दोन हजारांहून अधिक तपासण्या केलेल्या डॉक्टरांची नजर जर सैल पडत असेल, तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने किती जपले पाहिजे?

आपल्या आजोबांच्या पिढीला सावकाराने वाचून दाखवला तोच हिशोब खरा मानावा लागे. कागद समोर असे, पण तो पडताळण्याचे साधन हाती नव्हते. ते साधन मिळवायला दोन पिढ्या खपल्या. आज आपल्याला वाचता येते. न वाचता मान्य करण्याची सवय पुन्हा लावून घ्यायची का, एवढाच प्रश्न आहे.

केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांना विचारले होते की, येणारा प्रत्येक उपदेशक आपलेच खरे म्हणतो, मग आम्ही मानायचे कोणाचे? ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले आहे एवढ्यावरून काही स्वीकारू नका, स्वतः तपासा, हा त्या उपदेशाचा आशय आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. असंख्य लोकांच्या लिखाणातून जुळवलेले यंत्राचे उत्तर हेसुद्धा ऐकीवच आहे. ते खोटेच असते असे नाही, पण ते तपासल्याशिवाय आपले होत नाही.

मग आपण काय करावे?

१. तातडीच्या वेळी फोनला प्रश्न नको, १०८ ला फोन करा. छातीत दाब, दरदरून घाम, धाप लागणे, तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे, सर्पदंश, गरोदरपणातला रक्तस्राव, अंगावर न पिणारे, निपचित बाळ. यात टाइप करत बसण्याइतका वेळ नसतो.

२. विचारण्याआधी कागदावर लिहा. काय होते, कधीपासून, कशाने वाढते, कशाने थांबते. आधीचे आजार आणि चालू औषधे कोणती. घरात सिकलसेल, मधुमेह, क्षयरोग आहे का. हाच कागद डॉक्टरांपुढेही ठेवा. ओपीडीत मिळणाऱ्या दोन मिनिटांत तो फार उपयोगी पडतो.

३. लक्षण फोडून सांगा. 'जीव घाबरा होतो', 'अंगावर जाते', 'कसेतरी होते' हे आपले शब्द आपल्याला कळतात, यंत्राला कळतीलच असे नाही. कुठे, केव्हा, किती, हे लिहा.

४. आपला अंदाज आधी सांगू नका. "ही ॲसिडिटी आहे ना?" असे विचारण्याऐवजी "हे आणखी कशामुळे होऊ शकते? यात धोक्याचे लक्षण कोणते? उत्तर देण्याआधी मला कोणते प्रश्न विचाराल?" असे विचारा.

५. औषध सुरू करणे, बंद करणे किंवा मात्रा बदलणे हे फोनच्या सांगण्यावरून कधीही नको. डॉक्टर, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर किंवा औषध दुकानातील फार्मासिस्ट यांना विचारा. आशाताईंची मदत घ्या. क्षयरोग, मिरगी, मधुमेह आणि रक्तदाब यांच्या औषधांबाबत तर मुळीच नको.

६. अहवाल समजून घ्यायला फोन जरूर वापरा. अवघड शब्दांचा अर्थ, तपासणी कशासाठी केली, डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत, यासाठी तो चांगला आहे. फोटो टाकताना नाव, आधार क्रमांक आणि पत्ता झाका.

७. विद्यार्थ्यांनी आधी स्वतः सोडवावे. वीस मिनिटे झगडा. मग "उत्तर सांगू नको, फक्त पुढची पायरी सुचव" असे म्हणा. शेवटी फोन बाजूला ठेवून तेच गणित पुन्हा कोऱ्या कागदावर करा. जमले तरच आले असे समजा.

ओसरीतली वही

फोन आपल्याला तुच्छ लेखत नाही, ताटकळत ठेवत नाही, लाजेच्या प्रश्नावर हसत नाही. सरकारी दवाखान्याच्या रांगेत ज्यांनी दिवस काढले त्यांना याचे मोल विचारा. म्हणून तो टाकून द्या असे आम्ही म्हणणार नाही. पण मावशींच्या कपाळावरचा घाम त्याला दिसला नव्हता, आणि तो पाहून पुढचा प्रश्न विचारण्यासाठी कोणीतरी जवळ बसलेले असावे लागते. तसे जवळ बसणारे आपल्या प्रत्येक घरात, प्रत्येक गल्लीत तयार झाले पाहिजे.

मावशींचा भाचा आता दर रविवारी आमच्याबरोबर ओसरीत बसतो. त्याच्याकडे शंभर पानी वही आहे. आलेल्या माणसाला तो आधी विचारतो, "काका, कधी होतं? चालताना की बसल्याजागी?" उत्तर लिहून घेतो, स्वतःला काय वाटते ते समासात पेन्सिलीने लिहितो. मग फोनला विचारतो आणि शेवटी ताईंना दाखवतो. परवा एका आजोबांच्या बाबतीत त्याची पेन्सिल आणि फोन यांचे जुळले नाही. ताईंनी दोन्ही वाचले आणि म्हणाल्या, "बाळा, तुझं बरोबर आहे. याला एवढंच सांगायचं राहिलं की आजोबा दोन दिवस जेवलेले नाहीत."

पुढच्या रविवारी वंदनेनंतर घरातल्या प्रत्येकाने आपापल्या आजारांची, औषधांची आणि तपासण्यांची एक पानभर नोंद लिहून आणावी. लिहिता येत नसेल त्यांनी घरातल्या शाळकरी मुलाकडून लिहून घ्यावी. आम्ही ओसरीत आहोतच.